भागीदारीविना वकिली : मोठ्या पेढीतील दुसऱ्या वाटेचा विचार

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ वाढली आहे. एके काळी कायद्याची पदवी म्हणजे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयात वकिली, नाहीतर सरकारी नोकरी, एवढेच समीकरण होते. आता काही विद्यार्थी शेकडो वकील असलेल्या मोठ्या पेढ्यांत शिरू लागले आहेत. कोणी मुंबईत आहे, तर कोणी लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जाऊन पोहोचतो. परंतु अशा पेढीतील पायऱ्या कशा असतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगता येत नाही. कारण त्या घरातील तो पहिलाच वकील असतो. सात-आठ वर्षे झाली की मग नातेवाईक विचारू लागतात, "अजून भागीदार झाला नाही का?" आणि होतकरू वकिलालाही वाटू लागते की, भागीदार झालो नाही तर सारे श्रम वाया गेले.

भागीदार न होता मोठ्या पेढीत राहणे हे अपयश आहे की तोही एक मार्ग आहे, आणि मार्ग असेल तर तो स्वीकारण्यापूर्वी काय तपासावे, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. उत्तराची दिशा आरंभीच सांगतो. पद कोणते आहे ते त्याच्या नावावरून ठरवू नये. नफा कोणाचा, जोखीम कोणाची आणि निर्णयात आवाज कोणाचा, या तीन प्रश्नांवरून ते ठरवावे.

१. पेढीची जुनी रचना

मोठ्या पेढीची आजची रचना मुख्यतः अमेरिकेत घडली. पॉल क्रॅव्हाथ हे वकील १८९९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पेढीत दाखल झाले. पुढे ती पेढी क्रॅव्हाथ, स्वेन अँड मूर या नावाने प्रसिद्धीस आली. त्यांनी बसविलेली पद्धत थोडक्यात अशी : विद्यालयांतून उत्तम गुण मिळविलेले पदवीधर घ्यावेत, त्यांना नियमित पगार द्यावा, वेगवेगळ्या भागीदारांच्या हाताखाली शिकवून तयार करावे आणि भागीदार शक्यतो त्यांच्यातूनच निवडावेत. ज्यांची निवड होणार नाही त्यांनी पेढी सोडावी. 'वर चढा, नाहीतर बाहेर पडा' असा हा नियम होता.

पगारावर काम करणाऱ्या वकिलाला असोसिएट म्हणतात. अमेरिकेत साधारणपणे सात ते दहा वर्षांनी त्याच्या भागीदारीचा निर्णय होतो. जुन्या नियमानुसार मधली पायरी नव्हती. भागीदारी मिळाली तर आयुष्याची सोय झाली आणि नाही मिळाली तर दुसरीकडे जावे लागे. बाहेर पडणारे अनेक जण अशील कंपन्यांच्या विधी विभागात जात आणि पुढे त्याच पेढीकडे काम पाठवीत. त्यामुळे पेढीचे नुकसान होत नसे.

२. भागीदारी इतकी दुर्मिळ का?

हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब पाहू. समजा, एका पेढीत दहा भागीदार आहेत आणि वर्षाचा नफा २० कोटी रुपये आहे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन कोटी येतात. आता वर्षाला ४० लाख मिळविणाऱ्या एका असोसिएटला अकरावा भागीदार करावयाचे आहे. त्याचा ४० लाखांचा पगार वाचला म्हणून नफा २० कोटी ४० लाख झाला. परंतु अकरा जणांना प्रत्येकी दोन कोटी द्यावयाचे तर २२ कोटी हवेत. म्हणजे या नव्या भागीदारामुळे आणखी १ कोटी ६० लाखांचा नफा निर्माण झाला नाही, तर जुन्या दहा जणांचा वाटा कमी होतो.

या साध्या गणितात बरेच काही दडलेले आहे. वकील हुशार आहे, त्याचा मसुदा निर्दोष असतो, अशील त्याच्यावर खूश आहेत, एवढ्याने भागत नाही. तो नवे अशील आणील काय, हा प्रश्न जुने भागीदार विचारतात. म्हणून भागीदारी नाकारली जाणे हा दरवेळी गुणवत्तेवरचा निकाल नसतो, पुष्कळदा तो गणिताचा निकाल असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो स्वतःला नालायक समजून खचतो.

या व्यवस्थेचा अभ्यास मार्क गॅलंटर आणि थॉमस पॅले या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी 'टूर्नामेंट ऑफ लॉयर्स' या १९९१ मधील ग्रंथात केला आहे. पेढी म्हणजे एक स्पर्धा आहे, भागीदारी हे तिचे बक्षीस आहे आणि त्या बक्षिसाच्या आशेने असोसिएट झटत राहतात, असे त्यांचे विवेचन आहे. हेच गॅलंटर भारतातील मागासवर्गीय व आरक्षण यांविषयीच्या 'कॉम्पिटिंग इक्वॅलिटीज' (१९८४) या ग्रंथाचेही लेखक आहेत. त्यामुळे आपल्या अभ्यासकांना त्यांचे नाव अपरिचित नाही. पुढे २००८ मध्ये गॅलंटर आणि विल्यम हेंडरसन यांनी ही स्पर्धा आता लवचीक झाली असल्याचे दाखविले. वर चढणे आणि बाहेर पडणे यांच्यामध्ये पेढ्यांनी अनेक नव्या पायऱ्या बांधल्या होत्या. ज्या क्रॅव्हाथ पेढीपासून जुना नियम रूढ झाला, तिनेही २०२३ मध्ये पगारी भागीदारांचा वेगळा स्तर सुरू केला.

३. मधल्या पायऱ्या कोणत्या?

विद्यार्थ्यांनी पुढील पाच प्रकार नीट वेगळे ओळखावेत. पेढीगणिक नावे बदलतात, म्हणून नावापेक्षा कामाकडे लक्ष द्यावे.

(अ) काउन्सेल : अनुभवी आणि एखाद्या विषयात तज्ज्ञ, परंतु नफ्यात वाटा नसलेला वकील. करकायदा, निवृत्तिवेतन, स्पर्धाकायदा अशा अवघड विषयांत असा तज्ज्ञ पेढीला हवाच असतो. मग तो अशील आणो वा न आणो.

(आ) ऑफ काउन्सेल : या नावाचा वापर कोठे योग्य ठरतो, हे अमेरिकन बार असोसिएशनने १९९० च्या एका मतपत्रात सांगितले आहे. पेढीशी जवळचा, नियमित आणि वैयक्तिक संबंध असणे हा त्याचा गाभा. त्यात चार तऱ्हा सांगितल्या आहेत : अर्धवेळ काम करणारा वकील, निवृत्त झालेला भागीदार, लवकरच भागीदार व्हावयाचा आहे म्हणून बाहेरून आलेला वकील, आणि भागीदारीची अपेक्षा न ठेवता कायमचा मधल्या पायरीवर राहणारा वकील. एकाच नावाखाली इतक्या भिन्न परिस्थिती असू शकतात, हे ध्यानात घ्यावे.

(इ) स्टाफ अ‍ॅटर्नी : ठराविक कामासाठी कमी पगारावर घेतलेला वकील. मोठ्या दाव्यातील हजारो कागदपत्रांची छाननी हे त्याचे नेहमीचे काम. तास बरेचसे निश्चित असतात, पण बढतीचा मार्ग बहुधा बंद असतो. शिवाय हेच काम आता झपाट्याने संगणकाकडे सरकत आहे. त्यामुळे हे पद 'सुरक्षित' समजून घेऊ नये.

(ई) ज्ञान-सहायक वकील : लंडनच्या पेढ्यांत ही जागा विशेष रूढ आहे. हा वकील अशिलांच्या कामाचे तास भरत नाही. नमुना करारपत्रे तयार करणे, कायद्यातील बदल सहकाऱ्यांना समजावून देणे आणि नव्या वकिलांना शिकविणे ही त्याची कामे. अध्यापनाची आवड असणाऱ्यास हे काम मानवते.

(उ) पगारी भागीदार : नाव भागीदाराचे, पण मोबदला मुख्यतः ठरलेल्या रकमेचा. काही ठिकाणी ही खऱ्या भागीदारीची पूर्वतयारी असते, तर काही ठिकाणी तेथेच मुक्काम होतो. दुसऱ्या प्रकारात 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत होण्याचा संभव असतो.

४. नाव वेगळे, हक्क वेगळे

पदाचे नाव आणि प्रत्यक्ष हक्क यांतील अंतर न्यायालयांपुढेही आलेले आहे. येथे अमेरिकेतील दोन प्रकरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

एलिझाबेथ हिशन या १९७२ मध्ये अटलांटा येथील किंग अँड स्पॉल्डिंग या पेढीत असोसिएट झाल्या. १९७८ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये त्यांना भागीदारी नाकारण्यात आली आणि पेढीच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बाहेर पडावे लागले. तोपर्यंत त्या पेढीत एकही स्त्री भागीदार नव्हती. भागीदार कोणास करावे हा आमचा खासगी प्रश्न आहे, असे पेढीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एकमताने सांगितले की, भागीदारीसाठी विचार होण्याची संधी हा नोकरीच्या अटींचाच भाग असेल, तर त्यात लिंगभेद करता येणार नाही आणि त्यांचा दावा ऐकला गेला पाहिजे. भेदभाव झालाच होता असा निर्णय न्यायालयाने दिला नव्हता. पण पेढीचे बंद दार कायद्याच्या कक्षेत आले, हे या निकालाचे महत्त्व आहे.

दुसरे प्रकरण उलट्या बाजूचे आहे. सिडली ऑस्टिन या पेढीने १९९९ मध्ये ३२ भागीदारांना खालच्या पदावर आणले किंवा जाण्यास सांगितले. वयामुळे असे झाले, असा आक्षेप घेऊन तेथील समान संधी आयोगाने दावा केला. भागीदार हे मालक असतात, त्यांना नोकराचे संरक्षण नाही, असा पेढीचा बचाव होता. परंतु पेढीचा कारभार एक छोटी समितीच पाहत होती. मग ज्यांना कारभारात मत नाही ते खरोखर मालक होते काय, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी २००७ मध्ये २ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड झाली.

ब्रिटनमध्ये २०१४ पासून करवसुलीसाठी एक कसोटीच ठरवून दिली आहे. मर्यादित दायित्व भागीदारीतील सभासदाच्या मोबदल्यापैकी निदान ८० टक्के रक्कम पेढीच्या एकूण नफ्याशी निगडित नसेल, कारभारावर त्याचा लक्षणीय प्रभाव नसेल, आणि त्याने घातलेले भांडवल त्या ठरीव मोबदल्याच्या २५ टक्क्यांहून कमी असेल, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर कराच्या दृष्टीने तो नोकरच समजला जातो. विद्यार्थ्यांनी ही कसोटी पाठ करावी. नफा, आवाज आणि भांडवल हे तीन प्रश्न कोणत्याही देशातील कोणत्याही पदास लावता येतात.

५. भागीदारीचे ओझे

भागीदारी म्हणजे निव्वळ मान व पैसा, अशी आपली समजूत असते. भागीदाराला भांडवल घालावे लागते आणि ते पुष्कळदा कर्ज काढून घालावे लागते. त्याला महिन्याला उचल मिळते आणि उरलेला वाटा अशिलांकडून पैसे वसूल झाल्यावर मिळतो. पेढी बुडाली तर तो अडकतो.

न्यूयॉर्कची ड्युई अँड लबफ ही पेढी २००७ मध्ये दोन जुन्या पेढ्यांच्या विलीनीकरणातून झाली. हजाराहून अधिक वकील तिच्यात होते. काही भागीदारांना मोठ्या रकमेची हमी दिलेली होती आणि पेढीवर कर्ज वाढले होते. मे २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. घेतलेल्या पैशांपैकी काही भाग भागीदारांना परत करावा लागला. एकूण सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची योजना न्यायालयाने मान्य केली. घातलेले भांडवल गेले ते वेगळेच. पगारी वकिलांची नोकरी गेली हे खरे, परंतु मिळालेला पगार परत करण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. जोखीम कोणाची, या प्रश्नाचा अर्थ असा असतो.

६. मुंबईतील परिस्थिती

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या फोर्ट भागातील सॉलिसिटर पेढ्यांची परंपरा जुनी आहे. क्रॉफर्ड बेली १८३० पासूनची, तर लिटल अँड कंपनी १८५६ पासूनची आहे. या पेढ्यांत भागीदार, सॉलिसिटर, आर्टिकल क्लार्क आणि न्यायालयाच्या कामात मुरलेले मॅनेजिंग क्लार्क अशी उतरंड असे. १९५६ च्या कंपनी कायद्यामुळे भागीदारी संस्थेत वीसपेक्षा अधिक भागीदार घेता येत नसत. त्यामुळे जागा मुळातच थोड्या होत्या. मर्यादित दायित्व भागीदारीचा २००८ चा कायदा २००९ पासून अमलात आला आणि पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने वकिलांसारख्या व्यावसायिकांना संख्येच्या मर्यादेतून वगळले. तेव्हापासून भागीदारांची संख्या वाढण्यास वाव मिळाला आणि त्याबरोबर पदांची नावेही वाढली. तथापि काही मोठ्या पेढ्यांची सूत्रे आजही एकाच कुटुंबाकडे असतात, हे नव्या वकिलाने विसरू नये.

भारतीय कायद्यातील तीन गोष्टी येथे समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली : १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या चौथ्या कलमानुसार नफा वाटून घेण्याचा करार हा भागीदारीचा पाया आहे. पंचविसाव्या कलमानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या सर्व कृत्यांबद्दल इतरांसह संयुक्तपणे आणि एकटाही जबाबदार असतो.

दुसरी : त्याच कायद्याचे अठ्ठाविसावे कलम पगारी भागीदाराने अवश्य वाचावे. आपण भागीदार आहोत असे जो शब्दांनी वा वर्तनाने दाखवितो, किंवा जाणूनबुजून दुसऱ्यास तसे दाखवू देतो, तो त्यावर विसंबून पेढीला उधार देणाऱ्याला भागीदाराप्रमाणेच जबाबदार ठरतो. म्हणजे पत्रिकेवर 'भागीदार' छापले, नफा काही मिळाला नाही, पण जबाबदारी मात्र अंगावर आली, असे घडू शकते. मर्यादित दायित्व भागीदारीत दुसऱ्या भागीदाराच्या चुकीची वैयक्तिक जबाबदारी आपल्यावर येत नाही. म्हणून पेढी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे प्रथम विचारावे.

तिसरी : भारतीय बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला कोणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. त्यामुळे आपल्याकडील पेढ्यांत असोसिएटला पुष्कळदा पगार नव्हे तर व्यावसायिक शुल्क दिले जाते. महिन्याच्या महिन्याला रक्कम येते म्हणून ती नोकरीच वाटते. परंतु भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा, आजारपणाची रजा या गोष्टी आपोआप मिळतील असे गृहीत धरू नये. अमेरिकेतील बिनभागीदार वकिलाला नोकराचे संरक्षण असते. ते येथे तसेच्या तसे मिळत नाही, म्हणून येथे करारपत्राचे महत्त्व दुप्पट आहे. पेढी सोडून कंपनीच्या विधी विभागात पूर्णवेळ नोकरी धरली, तर त्याच नियमाप्रमाणे बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते, हेही आधीच ठाऊक असावे.

७. तोलून कसे पाहावे?

पुन्हा एक काल्पनिक हिशेब मांडू. एका वकिलापुढे दोन पर्याय आहेत. काउन्सेल म्हणून वर्षाला निश्चित ६० लाख, किंवा भागीदार म्हणून सर्वसाधारण वर्षी ७५ लाखांचा वाटा. भागीदारीसाठी ५० लाख भांडवल हवे, ते दहा टक्के व्याजाने काढावयाचे. म्हणजे व्याजाचे पाच लाख वजा होतात.

सर्वसाधारण वर्षी भागीदाराच्या हाती ७० लाख येतात, म्हणजे काउन्सेलपेक्षा दहा लाख अधिक. नफा ३० टक्क्यांनी घटला तर वाटा साडेबावन्न लाखांवर येतो आणि व्याज जाता साडेसत्तेचाळीस लाख उरतात, म्हणजे काउन्सेलपेक्षा साडेबारा लाख कमी. नफा ३० टक्क्यांनी वाढला तर साडेब्याण्णव लाख मिळतात, म्हणजे साडेबत्तीस लाख अधिक. यावरून दिसते की भागीदारीचा लाभ मोठा आहे, पण तो चांगल्या वर्षांवर अवलंबून आहे. वाईट वर्षे आली तर तग धरता येईल एवढी शिल्लक घरात आहे काय? शिक्षणाचे कर्ज, गावाकडचे आईवडील, धाकट्या भावंडांचे शिक्षण हा ज्याच्यावर भार आहे, त्याच्या दृष्टीने ठरीव रकमेचे मोल अधिक असते.

आता वेळेचा हिशेब. मोठ्या अमेरिकी पेढ्यांत वर्षाला १९०० ते २००० तासांचे बिल अशिलाला लावता येईल एवढे काम अपेक्षित असते. समजा १९५० तास. कचेरीतील दहा तासांपैकी आठच बिलात धरले जातात असे मानले, तर प्रत्यक्षात सुमारे २४३७ तास काम करावे लागेल. वर्षातील ४८ आठवड्यांत ते वाटले तर आठवड्याला जवळजवळ ५१ तास होतात. एखाद्या बिनभागीदार पदावर १५०० तासांची अट असेल, तर त्याच हिशेबाने आठवड्याला सुमारे ३९ तास येतात. हे बारा तास मुलांना, अभ्यासाला, आरोग्याला किंवा समाजाच्या कामाला मिळू शकतात. मात्र अट १५०० ची आणि प्रत्यक्ष काम १९५० चे, असे असेल तर तो सौदा फसवा आहे.

पद स्वीकारण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१) हे पद कायमचे आहे की ठराविक वर्षांचे? पुढे भागीदारीसाठी विचार होईल काय? झाल्यास कोण करील आणि केव्हा?
२) तासांची अट किती? ती पूर्ण केल्यावर आणखी काम नाकारता येईल काय?
३) मोबदला दरवर्षी कशाच्या आधारे वाढेल?
४) विमा, रजा आणि कामातील चुकीबद्दलची नुकसानभरपाई यांची तरतूद काय?
५) काम एकाच भागीदाराकडून येते की अनेकांकडून? तो भागीदार अशिलांसह दुसऱ्या पेढीत गेला, तर आपले काय?
६) मंदी आली तर कपात प्रथम कोणत्या पदांवर होते? मागच्या खेपेला काय झाले?
७) या पदावर दहा वर्षे टिकलेली निदान दोन माणसे पेढीत आहेत काय? असतील तर त्यांच्याशी बोलावे.

पाचव्या प्रश्नाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. बिनभागीदार वकिलाचा खरा धोका कमी पैशात नसून परावलंबनात असतो. एकाच माणसाच्या मर्जीवर ज्याचे काम चालते, त्याचे कौशल्य कितीही मोठे असले तरी पाय हलकेच राहतात. म्हणून असे पद घेणाऱ्याने एक विषय असा आत्मसात करावा की पेढीतील चार विभागांनी त्याच्याकडे यावे. त्या विषयावर लेख लिहावेत, व्याख्याने द्यावीत आणि पेढीबाहेरही आपले नाव माहीत असू द्यावे.

८. निवडलेली वाट आणि वाट्याला आलेली वाट

एक मुद्दा आपल्या दृष्टीने नाजूक आहे, पण तो टाळता येणार नाही. भागीदारीचे गणित नव्या अशिलांवर उभे आहे. अशील बहुधा ओळखीतून येतात. ज्याच्या घरी कारखानदारांचे आणि बँकांच्या अधिकाऱ्यांचे येणेजाणे आहे, त्याची सुरुवात चार पावले पुढून होते. पहिल्या पिढीच्या वकिलाला हे भांडवल नसते. त्यामुळे त्याला 'तुम्ही विद्वान आहात, काउन्सेल म्हणूनच शोभाल' असे गोड शब्दांत सांगितले जाण्याचा संभव असतो. स्त्री वकिलांनाही 'मुले लहान आहेत, हेच सोयीचे' असे सांगून तेच पद पुढे केले जाते. सोय खरी असू शकते. परंतु सर्व पहिल्या पिढीचे वकील आणि सर्व माता मधल्या पायरीवर, आणि मतदान करणारे सर्व वरच्या पायरीवर, असे चित्र निर्माण झाले, तर ती सोय राहत नाही, उतरंड होते.

म्हणून प्रत्येकाने स्वतःस विचारावे : ही वाट मी निवडली की माझ्या वाट्याला आली? निवडली असेल तर ती ताठ मानेने चालावी आणि तिच्यासाठी कोणासही सबब देऊ नये. वाट्याला आली असेल तर तिची कारणे मागावीत, किती काळ थांबावयाचे ते ठरवावे आणि तेवढ्या काळात बाहेरचे दारही उघडे ठेवावे. अशील जोडणे ही जन्मजात देणगी नाही. अशील कंपनीत काही महिने प्रतिनियुक्तीवर जाणे, लहान उद्योजकांचे काम मनापासून करणे, जुन्या सहाध्यायांशी संबंध राखणे, अशा मार्गांनी ती शिकता येते. ज्याला भागीदार व्हावयाचे आहे त्याने तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच याकडे लक्ष द्यावे. सातव्या वर्षी जागे होऊन उपयोग नसतो.

घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी भागीदार झाली की नाही, हे विचारण्याऐवजी तिचे काम तिला पटते काय, तिला पुरेसे मिळते काय आणि नको त्या गोष्टीला ती 'नाही' म्हणू शकते काय, हे विचारावे. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर भागीदार हा शब्द नसला तरी काही उणे नाही. आणि उत्तर 'नाही' असेल, तर दारावर भागीदाराची पाटी लागूनही काही साधले नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. काउन्सेल आणि पगारी भागीदार यांतील फरक नफा, जोखीम व आवाज या तीन मुद्द्यांवर स्पष्ट करा.
२. दुसऱ्या भागातील उदाहरणात असोसिएटचा पगार ४० ऐवजी ६० लाख असता, तर नव्या भागीदारामुळे किती जादा नफा व्हावा लागला असता?
३. १९३२ च्या भागीदारी कायद्याचे अठ्ठाविसावे कलम वाचून, पगारी भागीदाराने करारपत्रात कोणते संरक्षण मागावे ते लिहा.
४. हिशन प्रकरणात न्यायालयाने काय ठरविले आणि काय ठरविले नाही?
५. आपल्या परिचयातील एखाद्या वकिलास सातव्या भागातील सात प्रश्न विचारा आणि मिळालेल्या उत्तरांवर अभ्यासवर्गात चर्चा करा.